गिऱ्हाइकाचा पेरू

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उस्मान बागवानची फळांची गाडी असते. चांगला माल गिऱ्हाइकाचा, घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याची बायको शाहजादी रोज सकाळी अंगणात माल निवडायची. चांगला पाटीत, डागी बाजूला. डागीतलंही बरंचसं बकरीच्या वाट्याला जायचं. फळवाल्याची बायको म्हणून शेजारणी तिचा हेवा करत, आणि ही बापडी चहात पाव बुडवून दिवस ढकलायची. दारावर फळं घ्यायला कोणी आलं की त्याच्याशी ती मराठीत बोलायची. घरात मात्र दोघांची आपली उर्दू.

आता शाहजादी विसरत चालली आहे. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग घराची गल्ली, मग पोटच्या लेकीचं, इकराचं नाव. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी उस्मानला समजावलं, की आतड्यात असंख्य जंतू राहतात, फळांच्या चोथ्यावर ते पोसतात आणि त्यांचा मेंदूशीही संबंध असतो. तेव्हा फळं खाऊ घाला. पण त्याने गेलेली आठवण परत येईल, अशी आशा धरू नका, असंही त्या म्हणाल्या. उस्मानने पहिलं तेवढं मनात धरलं, दुसऱ्याकडे काणाडोळा केला.

मग रोज गाडीवरचं सगळ्यात देखणं फळ तिच्यासाठी निघू लागलं. शाहजादी ते दाबून पाही, ओढणीने पुसे आणि पाटीत नेऊन ठेवी. बाकी सगळं विसरली, एवढं काही विसरली नाही. चिरून दिलं, तर माल कोणी खराब केला म्हणून रडत बसायची. उस्मान आधी चिडला, मग त्याने हात जोडले. जन्मभर आपणच लावलेली सवय आता कुठल्या तोंडाने मोडायची? त्याला स्वतःचीच चीड येई.

थंडीतल्या एका सकाळी त्याने टपोरा पेरू तिच्या हातात दिला. तिने तो पुसला. पण पाटीत न ठेवता त्याच्याच पुढे धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, "घेऊन जा भाऊ. घरी बायकोले द्या. गोड हाय."

उस्मानने पेरू घेतला. त्यानेही मराठीतच विचारलं, "तुमी नाई खात?"

"आमच्या घरी चांगला माल खात नाईत, भाऊ," ती म्हणाली आणि पाटी पुढे ओढून निवडायला बसली.

उस्मान पेरू घेऊन गिऱ्हाइकासारखा दाराबाहेर पडला.