इन्तिसारबाईंच्या वडिलांचं नाव

बेलग्रेव्ह रोडच्या आसपास कोणाचाही फॉर्म अडला की लोक सुप्रभाकाकूंचं दार वाजवायचे. लेस्टरच्या हॉस्पिटलात काकू तीस वर्षं मेडिकल सेक्रेटरी होत्या. मोठमोठ्या कन्सल्टंट लोकांच्या पत्रांतल्या चुका त्या न विचारता दुरुस्त करून टाकायच्या आणि कोणाच्या लक्षात आलं नाही की गालातल्या गालात हसायच्या. रिटायर झाल्या तरी खोड गेली नाही. बाई मनाची फार भली, पण आपल्याला सगळं कळतं हा समज दांडगा.

शेजारची रुबा हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिची आई इन्तिसार गाझात अडकलेली, छातीत गाठ, आणि तिथे उपचार नाहीत. कैरोतले एक डॉक्टर ऑपरेशनला तयार होते. पण सीमा ओलांडायची तर यादीत नाव हवं, आणि त्यासाठी एका संस्थेकडे इंग्रजीत अर्ज करायचा होता. रुबाने सगळी माहिती घाईघाईने कागदावर खरडून काकूंच्या हातात दिली आणि ड्यूटीची बस पकडायला पळाली.

काकू टाइप करायला बसल्या. नाव, इन्तिसार सलीम नासर. नवरा, महमूद नासर. त्या थबकल्या. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. शिवाय आडनावही नवऱ्याचंच दिसत होतं. मग मध्येच हा सलीम कोण? दमलेल्या पोरीने चुकून दुसऱ्याच कोणाचं तरी नाव लिहिलं असणार. काकूंनी इन्तिसार महमूद नासर असं लिहिलं आणि ईमेल पाठवून दिला. संध्याकाळी नवऱ्याला, शशीकाकांना, म्हणाल्यासुद्धा, "बरं झालं हं माझ्याकडे आली. नावच चुकवलं होतं."

चार महिन्यांनी यादीत नाव आलं. आणि पुढच्या आठवड्यात रुबा काकूंच्या किचनमध्ये येऊन खुर्चीत मटकन बसली.

"आंटी, आईला परत पाठवलं. पहाटेपासून लाइनमध्ये उभी होती. यादीत महमूद, पासपोर्टवर सलीम. सीमेवरचे अधिकारी म्हणाले, ही बाई तू नाहीस. सिस्टिममध्ये बाबांचं नाव कोणी घातलं कोण जाणे. आणि आज सीमा बंद केली. कधी उघडणार, कोणी सांगत नाही."

शशीकाका मान खाली घालून चहा ढवळत होते. साखर घातलीच नव्हती.

"सुप्रभा, सांग तिला," ते म्हणाले.

"मी घातलं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तू चुकलीस."

रुबा त्यांच्याकडे वळली. "सलीम माझे आजोबा. आमच्यात बाई मरेपर्यंत वडिलांचंच नाव लावते. आईबाबा चुलत भावंडं, म्हणून आडनाव एकच." मग आवाज चढला. "मला एक टेक्स्ट का नाही केला? एवढंच विचारायचं होतं."

आयुष्यात पहिल्यांदाच काकूंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात रुबाचा फोन वाजला. आईच होती. रुबा अरबीत भराभर बोलली, मध्येच काकूंकडे बोट दाखवलं. पलीकडून एक प्रश्न आला.

"विचारतेय, तुमच्याकडे लग्न झालं की बापाचं नाव टाकून देतात?"

"हो," काकू म्हणाल्या.

"मग तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"श्रीकांत." चाळीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि या घडीला आपण कोणासाठी रडतोय याची त्यांना आणखीच शरम वाटली. "त्यांना सांग, मी आत्ता दुसरा अर्ज करते. पण सीमा उघडेपर्यंत..."

रुबाने सांगितलं. पलीकडे खोकला, मग दोनच वाक्यं. रुबाने ती लगेच इंग्रजीत केली नाहीत. आधी लॅपटॉप काकूंच्या पुढ्यात सरकवला.

"म्हणते, सावकाश लिहा, पण माझ्या बापाचं नाव लिहा. मी इथेच आहे, जाणार कुठे."