श्री लावलेला फोल्डर

देवळीजवळच्या एका बियाणे केंद्रात मी संगणकावरच्या नोंदी सांभाळते. हरभऱ्याची पोती दिसायला सारखीच. वर फक्त लॉट नंबर. उगवण चाचणीत कोणता लॉट पास आणि कोणता नापास, हे फक्त सॉफ्टवेअरमध्ये असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडलं, तर पडद्यावर सूचना आली : दिलेल्या मार्गावर डेटा फोल्डर सापडला नाही. नवीन तयार करायचा? खाली ‘होय’ आणि ‘नाही’.

मी माउसवरून हात काढून घेतला. ‘होय’ दाबलं की रिकामा फोल्डर तयार होणार आणि दुपारचा आपोआप होणारा बॅकअप तोच रिकामा फोल्डर जुन्या प्रतीवर चढवणार. मग कुठलं पोतं पेरायचं आणि कुठलं नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

“मॅडम, काऊन बसून राह्यल्या?” मालक दारातून म्हणाले. “आंजी गावचा ट्रक उभा हाय. दाबा न होय!”

“भाऊ, इकडे हात लावू नका.”

“मंग काय आरती करू? ते त काल झाली.”

आधी बॅकअपच्या डिस्कची वायर उपसली. मग सेटिंगमध्ये मार्ग वाचला : डी ड्राइव्ह, त्यात ‘सीड’ नावाचा फोल्डर. ड्राइव्ह उघडला. ‘सीड’ नव्हताच. सगळा डेटा गेला, असंच वाटलं. तरी खालपर्यंत गेले. सगळ्या इंग्रजी नावांखाली, यादीच्या शेवटी, मराठी अक्षर असलेला एकच फोल्डर होता. इंग्रजी ‘सीड’च्या आधी देवनागरीत ‘श्री’.

“हे कोणी केलं?”

“मीच. मशीनले कुंकू लावू नका म्हणलं तुमीच. मंग पूजेत त्याच्या नावाले श्री तरी लावाव की नाई?”

मी सेटिंगमध्ये नवा मार्ग लिहून पाहिला. आमचं जुनं सॉफ्टवेअर मराठी अक्षर वाचत नाही. ‘श्री’च्या जागी प्रश्नचिन्ह आलं आणि पुन्हा तीच सूचना.

“श्री काढावं लागेल,” मी म्हटलं.

मालकांचा चेहरा उतरला. “दसऱ्याचं श्री मिटवाचं? मागच्या साली पूजा चुकली अन् गोदामाले आग लागलती, मॅडम. मायी हिंमत नाई.”

हिंमत माझीही नव्हती. माझी भीती वेगळी होती. नाव बदलताना आत काही तुटलं तर? म्हणून मूळ फोल्डर तसाच ठेवला, त्याची प्रत केली आणि प्रतीला जुनं नाव दिलं. प्रत होताना हिरवी पट्टी मध्येच अडकली. मग ती पुढे सरकली. सेटिंगमध्ये जुना मार्ग परत लिहिला. सॉफ्टवेअर उघडलं. सगळे लॉट होते. नापास लाल अक्षरांत.

“तुमचं श्री जागेवर आहे, भाऊ.”

“वाचलो बा! अन् ट्रक अर्धा भरून झाला. म्हटलं, तवर टाइम काऊन घालवाचा?”

मी ताडकन उठले. लाल नंबरांचा मोबाइलवर फोटो काढला आणि ट्रकच्या फाळक्यावर चढले. वरच्या थराचे नंबर ठीक होते. दोन पोती सरकवायला लावली. खालचा थर नापास लॉटचा होता. ते बियाणं आठवड्याभरात मातीत गेलं असतं.

“उतरवा,” मी म्हटलं.

“पूर्ण?”

“पूर्ण.”

बाह्या वर करून पहिलं पोतं मालकांनीच ओढलं.