माझे ओठ मायला कळत नाहीत

धुळ्याच्या स्टँडवर बस लागली, तेव्हा माय खिडकीखाली उभी राहून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती, "येळवर जेवजो, भाऊ." मला ती भाऊच म्हणते. आबा जरा लांब, पाठमोरे. मला मात्र बस कधी एकदा सुटते असं झालं होतं. इंजिनियर झालो होतो, परदेशात नोकरी लागली होती, मिजास होती नुसती.

टीव्हीचं प्रक्षेपण जगभर कसं व्हावं, याचे नियम ठरवणाऱ्या एका कमिटीत, जिनिव्हाला, मी आयुष्य घालवलं. माझा विषय एकच: पडद्यावरचे ओठ आणि त्यांचा आवाज यांचा मेळ. आवाज किंचित मागे पडला तर माणूस सोसतो, पुढे पळाला की लगेच खटकतं. किती मागे, किती पुढे, यावर आम्ही देशोदेशीची माणसं मिलिसेकंदांसाठी वर्षानुवर्षं भांडलो. "तू काय करस तठे?" माय फोनवर विचारायची. मी समजावून सांगायचो. ती हसायची, "हाई बी काम शे का?"

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. माझ्या नावाचे माय दरवर्षी काढायची. आणि मी दरवर्षी, "पुढच्या वर्षी नक्की, यंदा नियमांचा ड्राफ्ट अडकलाय." आग लागो त्या ड्राफ्टला! तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल.

आबा गेले. मग मायचे कान गेले, फोनवरचं बोलणं संपलं. धाकटा भाऊ सुभाष तिच्याजवळ असतो. तो म्हणायचा, "तिचं काही अडत नाही, तोंडाकडे बघून बठ्ठं समजतं तिला." तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो.

यंदा गेलो. धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या घरात रोटांची जेवणं झाली आणि मी मायसमोर बसून म्हणालो, "माय, नोकरी सोडली मी. आता कायमचा तुझ्याजवळ राहणार." ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. ती ओशाळली, सुभाषकडे वळून म्हणाली, "त्यानं बोलनं समजत नही माले."

तिला अहिराणी बोलणारे ओठ कळतात. माझे ओठ कधीच शहरी मराठीचे झालेत, त्यातही निम्मं इंग्रजी, फ्रेंच. अहिराणीत बोलून पाहिलं, तर दोन शब्दांत अडखळलो. लिहून दाखवावं, तर मायला अक्षरओळख नाही. ज्या कामाचा पगार आयुष्यभर घेतला, तेच मला माझ्या आईसमोर जमेना. सगळ्यांदेखत रडलो.

शेवटी सुभाष तिच्यापुढे बसला. "माय, हाऊ कायमना घर ई राहिना." तिला झटक्यात कळलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "आते ईसन काय करशी, भाऊ?" आता येऊन काय करशील म्हणे.

आता मी देवपूरलाच आहे. घर म्हणाल तर हेच. रोज मायसमोर बसतो. जेवण, औषध, पाहुणे, सगळं सुभाष तिला सांगतो. माझं चुकलं, एवढंच मला तिला सांगायचंय, आणि ते सुभाषच्या तोंडून सांगता येत नाही.