कौसाबाईंचा गणिताचा पेपर

कौसाबाई नसत्या तर मी चिकलठाण्याहूनच उलट्या एसटीने घरी आले असते. मला रस्त्यावरून शोधून आणलं त्यांनी, जेवू घातलं त्यांनी, आणि चार बायकांसमोर उभं राहून बोलायला लावलं तेही त्यांनीच. म्हणून आधी त्यांचं नाव लिहिते. माझ्या हातून काय झालं ते मग सांगते.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सातवीनंतर शाळा सोडली. राजापूरच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते. आपल्या वाडीतल्या बायकांसाठी लिहा-वाचायचा वर्ग काढायचं बचत गटात ठरलं आणि असा वर्ग कसा चालतो ते बघायला मला पाठवलं. बाकी कुणाला घरून आठ दिवस सोडेनात, म्हणून. घाट चढेपर्यंत ठीक होतं. पुढे हिरवं कमी कमी होत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर नदीवरच्या पुलाखाली मुलं क्रिकेट खेळत होती. मार्च महिना होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, हितं पाणी पाहिलं नाय.”

एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं आणि कंडक्टर ओरडला, “औरंगाबाद, औरंगाबाद!” मी घाबरून बसूनच राहिले. शेवटी रिक्षाने जालना रोडला आले, तर चिकलठाण्याच्या दोन थांबे आधीच उतरले. एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. इमारतीच्या जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला आणि त्याच जाहिरातीखाली पाण्याचा टँकर उभा. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. तासाभराने पदर खोचलेली एक बाई लांबूनच ओरडत आली, “कोकणवाल्या तुम्हीच ना? तोंडच सांगतंय की!”

त्या कौसाबाई. घर पिशोरजवळच्या एका वाडीत, नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत. वर्गाच्या जुन्या विद्यार्थिनी असल्यामुळे मला आणायला त्यांनाच धाडलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या खोलीवर नेऊन येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची) आणि भाकरी वाढली. मी भात शोधतेय हे त्यांनी ओळखलं. “भात परवा. आज दात चालवा.”

वर्ग कंपनीमागच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत भरतो. बँकेतून निवृत्त झालेल्या कुलकर्णी मॅडम तो घेतात. तिथे आधी पुस्तक उघडत नाहीत. मॅडम विचारतात, “आज कुणी काय आणलंय?” मग जिला घरातलं जे वाचता येत नाही ते ती पुढे ठेवते. कुणी लाइट बिल, कुणी शाळेची नोटीस. त्या दिवशी एकीने खोकल्याच्या औषधाची बाटली आणली होती. सगळ्यांनी मिळून अक्षरं जुळवली. सहा वर्षांच्या मुलीला ती मोठ्या माणसाइतकं औषध पाजत होती. मग ती बाई म्हणाली, “बरं झालं आणली, नायतर उद्या बी पाजलं असतं.” आपल्या वाडीत असा वर्ग का हवा, हे मला त्या वाक्याने कळलं.

कौसाबाईंची शाळा आठवीत सुटलेली. आता त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज) भरला होता. आधीचे पेपर बरे गेले होते. आता होतं गणित, तेच पक्कं करायला पेपरांमधल्या सुटीत त्या मॅडमकडे आल्या होत्या. दहावी झाल्या तर जूनपासून गावातला वर्ग त्यांच्या हाती येणार होता, मानधनावर. नाहीतर नवऱ्याने सांगून ठेवलं होतं : म्हैस विकू, म्हातारीला घेऊ, सगळे शहरातल्या खोलीत राहू. “मला ती खोली नको वं,” त्या म्हणाल्या. “तिथं माझं काय हाय? गावात बायका मला ताई म्हणतात.”

शनिवारी त्यांच्याबरोबर गावाला निघाले. सोमवारी पेपर होता. खुलताबादला डोंगरावर एसटी थांबली तेव्हा जुन्या वेशीपाशी चहा घेतला. कौसाबाई ग्लास हातात घेऊन समीकरणं पुटपुटत होत्या. चहावाला म्हणाला, “मौशी, नमाज है का गणित?” त्या म्हणाल्या, “दोन्ही चुकलं तर वरच जाब द्यावा लागतो, भाऊ.” तो इतका हसला की चहा पुन्हा भरून दिला.

रविवारी संध्याकाळी वाडीतल्या देवळाच्या पारावर, कौसाबाई हौसेने घेतात तो वर्ग भरला. त्यांनी मला उभं केलं. माझी शाळा कशी सुटली ते मी सांगितलं आणि बायका ऐकत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मधेच तोडलं नाही. त्या आनंदात मी ठरवलं, उद्या या बाईला कामाला हात लावू द्यायचा नाही.

सोमवारी उजाडताच उठले. कौसाबाई आत पुस्तक घेऊन बसल्या होत्या. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको : शिळं पाणी ठेवायचं नाही, भांडी घासून ताजं भरायचं. मी रांजण उपसला, दोन्ही हंडे परसातल्या पेरूला ओतले, राखेने लख्ख घासले आणि पालथे घातले. मग कौसाबाईंच्या सासूबाईंना विचारलं, “आजी, विहीर कुठल्या बाजूला?”

आजी काठी टेकत बाहेर आल्या. ओल्या मातीकडे बघत राहिल्या. “माय, हे काय केलं वं? टँकर आता गुरुवारी.”

कौसाबाई पुस्तकात बोट घालून दारात आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. पालथ्या हंड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, “पेरूचा सण झाला म्हणायचा.”

“तुम्ही जा, मी आणते,” मी म्हटलं.

“शेतातल्या विहिरीचा मालक अनोळखी बाईला उतरू देत नाय. अन् म्हशीला तहानेली बांधून मी कशी जाऊ?”

शेजारणीने आजींपुरती एक घागर दिली. तिचंही टिपाड (मोठं पिंप) तळाला गेलेलं. आम्ही दोघी हंडे घेऊन त्या विहिरीवर गेलो. आमच्या आधी दोघीजणी होत्या. खाली उतरायचं, झरा साचायची वाट बघायची आणि वाटीवाटीने भरायचं. कौसाबाई पायरीवर बसून सूत्रं म्हणत होत्या, अधूनमधून सूर्य कुठवर आला ते बघत होत्या. घरी येऊन म्हशीला पाणी दाखवलं, तोवर पिशोरला जाणारी सकाळची जीप गेली होती.

पायी पिशोरला परीक्षेच्या शाळेपाशी पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. शिपाई वाईट नव्हता. “पेपर सुरू होऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त झालं, ताई. माझ्या हातात नाय.” कौसाबाईंनी एकदाच विनवलं. मग भिंतीच्या सावलीत बसल्या. मला वाटलं परत निघू, पण त्या हलेनात. पेपर सुटल्यावर एका मुलीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि बोट ठेवून एकेक प्रश्न वाचला.

“हे येत व्हतं,” त्या म्हणाल्या. “हे बी.”

मला रडू आवरेना. त्यांनी पदर पुढे केला. “पुसा. आता तुम्ही बी पाणी सांडू नका, लई महाग हाय इथं.”

एसटीत बसवतानाही त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तुम्ही सगळ्यांनी विचारलं, कसा झाला प्रवास? मी वर्गाचं सांगितलं, औषधाच्या बाटलीचं सांगितलं, हे मात्र गिळलं. आज लिहितेय. काल त्यांना फोन केला. फेरपरीक्षेचा फॉर्म भरलाय का, विचारलं. “बघू,” म्हणाल्या. “हे म्हशीला गिऱ्हाईक बघतायत.”

कौसाबाई, तुम्ही त्या पेपराला यंदा बसा की पाच वर्षांनी, गावातून बसा की शहरातल्या त्या खोलीतून, मी दोन दिवस आधी येईन. पाणी मी भरीन, आजींना मी बघीन, चूल मी पेटवीन, आणि न विचारता एका भांड्यालाही हात लावणार नाही. तुम्ही फक्त वेळेवर निघा. फाटकापर्यंत सोडायला मी येईन आणि तुम्ही आत गेल्याचं बघूनच मागे फिरेन.