निम्मा भात

इमारतीत सगळेच तिला मावशी म्हणत. खरी भाची एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या विमा कंपनीत.

तळघरातल्या स्वयंपाकघरातून मावशी सगळ्या मजल्यांना जेवू घालायची. विमावाले, कपड्यांचे नमुने काढणारे, संगणकवाले, सगळे एकाच मालकाचे. अन्न वाया जाऊ नये म्हणून उद्या किती माणसं जेवणार, ते इमारतीचा व्यवस्थापक आदल्या दिवशी फोनवर कळवायचा. त्या सकाळी तो स्वतः खाली आला. दार लोटून घेतलं.

"उद्यापासून भात निम्मा."

"सुट्टी आहे का कुणाला?"

"कायमचा निम्मा. सगळ्या मजल्यांवर माणसं कमी करतायत. संध्याकाळी सांगणार. तोवर ब्र काढलात, तर तुमचंही काम गेलं समजा."

मावशीने मागे पाहिलं. तिच्या हाताखालच्या दोघी जावा भाजी चिरत होत्या. निम्म्या भाताला दोघी कशाला लागतात? तिला विचारायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात भाची चहाला आली.

"मावशी, त्या छापखान्यातल्या नोकरीला आज नाही म्हणून टाकते. जेवण झालं की फोन करते."

"का गं? चांगली माणसं आहेत म्हणालीस ना?"

"पगार कमी. वर पंखासुद्धा खडखडतो. आणि साहेब कालच म्हणाले, तुझी खुर्ची पक्की."

मावशीच्या ओठांवर शब्द आला. व्यवस्थापक दारातच उभा होता. तिच्या तोंडाकडे बघत.

मावशीने चहा ओतला. अर्धा बशीत सांडला.

"लक्ष कुठंय तुझं?" भाची हसली आणि वर गेली.

मावशीने मोठ्या पातेल्याकडे पाहिलं. मग तिने ते खाली उतरवलं. लहान चढवलं.

"अहो मावशी, एवढ्याशात काय होणार?" थोरली जाऊ म्हणाली.

"मी सांगते तेवढेच तांदूळ घाल."

दुपारी रांग जिन्यापर्यंत गेली. अर्धी जेवायची होती आणि भात संपला. मावशीच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, घरी भांडून आलात वाटतं!" नमुनेवाला ओरडला. "राग आमच्या पोटावर का?"

सगळे हसले. मावशी हसली नाही. कुणी तरी ताटावर चमचा वाजवू लागलं.

व्यवस्थापक रांग बाजूला सारत आला. "हा काय तमाशा आहे?"

"चुकलं साहेब," मावशी म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाईल असा. "तुम्ही सांगितलेलं उद्याचं माप आजच घातलं."

चमचा थांबला. नमुनेवाल्याने ताट हळूच टेबलावर ठेवलं. कुणी कुणाकडे बघेना.

भाची रांगेत होती, रिकामं ताट छातीशी धरून. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीने नजर हलवली नाही. भाचीने ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि फोन काढत जिन्याकडे पळाली.

"आवरा तुमचं," व्यवस्थापक दातओठ खात म्हणाला. "आजच."

थोरली जाऊ जवळ आली. "मावशी, आमचं काय?"

मावशी चुलीकडे वळली. तिने मोठं पातेलं उचललं. एकटीला पेलेना. थोरलीने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पातेल्याचा दुसरा कान धरला.

"सगळे तांदूळ घाल," मावशी म्हणाली. "हे उपाशी आहेत."

जिन्यातून भाचीचा आवाज येत होता.

"हो, येते. उद्यापासूनच येते."