हलूनका काका आणि सूर्यफुलांचा पडदा

पडदा माझ्यामुळे फाटला. काकांच्या स्टुडिओत मी अर्जाला लावायच्या फोटोसाठी बसलो होतो. "जरा मागे," काका म्हणाले. मी सरकलो. "अजून जरा," असं ते म्हणाले नव्हते. तेवढं मी मनानेच केलं. स्टूल कलंडलं, मी स्टुलासकट पडद्यात गेलो आणि बर्फाच्या डोंगरापासून हंसाच्या मानेपर्यंत सगळा निसर्ग चर्रकन उभा फाटला.

हो, हंस. काकांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने रंगवलेला तो पडदा म्हणजे मुळात सूर्यफुलांचं शेत. पण नुसत्या शेतावर गिऱ्हाईक खूश होईना, म्हणून पुढे त्यात तळं आलं, तळ्यात हंस आला आणि मागे डोंगर. फुलं सगळी कॅमेऱ्याकडे तोंड करून, शाळेच्या ग्रुप फोटोतल्यासारखी ताठ. हंसाला बहुधा कावीळ असावी, कारण पांढरा रंग संपल्यावर उरलेला पक्षी पिवळ्यात भागवला होता. आमच्या घरात या पडद्याला आजवर कुणी हसलेलं नाही. म्हणजे, काकांसमोर नाही.

"हलू नका!" एवढं एकच वाक्य जन्मभर ओरडल्यामुळे गल्लीत त्यांचं नाव हलूनका काका पडलं. माणसांबद्दल त्यांचं मत फारच वाईट. "गोरा काढा म्हणतात, बारीक काढा म्हणतात. मी फोटो काढतो. यांच्या आईबापांच्या चुका नाही सुधारत."

त्या दिवशी मात्र त्यांनी मला एकही शिवी दिली नाही, तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे. रविवारी टेलरमास्तर आणि त्यांची बायको फोटोला यायची होती. लग्न झाल्यापासून दरवर्षी ही जोडी याच पडद्यापुढे फोटो काढते. बाई खुर्चीत, मास्तर मागे, हात खुर्चीच्या पाठीवर. त्यांच्या घरी भिंतभर तेच शेत आणि तोच हंस. फक्त माणसं पिकत गेलेली. सगळ्यांच्या हातात फोन आल्यापासून मुद्दाम या पडद्यासाठी येणारं हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. तेही गेलं तर कुलूप लावून घरी बसायचं, असं काकांनी जाहीर केलं होतं, आणि ते दिवसभर घरी बसणार या कल्पनेनेच काकूंचा रक्तदाब वाढला होता.

"मग खऱ्याच शेतात जाऊ की!" मी म्हणालो. मी घराजवळच्या सहलींचा दर्दी. तळं, टेकडी, रोपवाटिका, काही सोडत नाही. शहराबाहेर जरासं गेलं की सूर्यफुलांचं एक शेत लोकांना हिंडायला खुलं केलेलं होतं.

काकांनी माझ्याकडे उजेड लागून वाया गेलेल्या फिल्मकडे बघावं तसं बघितलं. "निसर्ग म्हणजे काय रे? घरचा डबा उन्हात बसून खायचा, निम्मा मुंग्यांना द्यायचा, आणि परत येऊन पाय चेपत म्हणायचं, काय फ्रेश वाटतंय!"

पण दुसरा उपाय नव्हता. पडद्याबद्दल मास्तरांपाशी अवाक्षर काढायचं नाही, अशी तंबी मला मिळाली आणि रविवारी उन्हं कलल्यावर आम्ही चौघं बसने निघालो.

फाटकातच भाड्याच्या टोप्या टांगलेल्या. "टोप्यांचं पीक बरं आलंय," काका म्हणाले. आत झोपाळा, बदामाच्या आकाराची चौकट, आणि शेतात कुणी का आणावी हे न कळणारी गुलाबी सायकल. एक बाई एका फुलाची हनुवटी धरून त्याचं तोंड फोनकडे वळवत होती.

"अजून पिळा ताई," काका म्हणाले, "तेल इथेच निघेल."

बाईंना तसं करावं लागत होतं, कारण पुरती फुललेली सूर्यफुलं सूर्यामागे वळत नाहीत; सगळं शेत पूर्वेला तोंड करून उभं होतं आणि आम्ही सगळे आलो होतो संध्याकाळी. फुलांची तोंडं घ्यावीत तर सूर्य भिंगात शिरून माणसं काळी ठिक्कर. माणसं घ्यावीत तर मागे नुसत्या फुलांच्या हिरव्या पाठी.

"पाठ फिरवून उभी आहेत," काका समाधानाने म्हणाले. "कोण आलंय ते यांना बरोबर कळतं."

खुर्ची नव्हती, म्हणून मास्तरांच्या बायकोला झोपाळ्यावर बसवलं. "वहिनी, हलू नका!" काका ओरडले. झोपाळा हलला. झोपाळा धरला तर वाऱ्याने शेत हलायला लागलं. "हलू नका!" काका शेतावर ओरडले. टोपीवाले लोक आमचाच व्हिडिओ काढायला लागले. त्यात वहिनींच्या कानाशी मधमाशी आली आणि त्या ताडकन उठल्या.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर मला हंस पाहिजे. यात हंस कुठाय?"

मास्तर काकांकडे वळले. "खरं सांगा, यंदा स्टुडिओत काय बिघडलंय?"

"काही नाही. म्हटलं, जरा निसर्ग..."

"तुमच्या तोंडून निसर्ग? प्रकृती बरी आहे ना?"

मला राहवलं नाही. "पडदा फाटलाय. माझ्याकडून."

मास्तर म्हणाले, "कापडच ना ते? कापड फाटल्यावर माणूस टेलरकडे जातो, की टेलरला घेऊन शेतात जातो?"

काका सायकलीकडे बघत राहिले.

"मी शिवलेल्या बाहीला नावं ठेवून तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढणं सोडलंत, म्हणून आता मला विचारायला तुमची जीभ वळेना. होय ना?"

"बाही वाकडीच होती," काका म्हणाले.

"तुमचा हंस तरी कुठे सरळ आहे?"

वहिनी जोरात हसल्या. परतीच्या वाटेवर काका आणि मास्तर दोघंही खिडकीबाहेर बघत होते. निसर्ग आवडला म्हणून नव्हे, एकमेकांकडे बघायचं नव्हतं म्हणून.

तरी दुसऱ्या दिवशी मास्तर सुई-दोरा घेऊन स्टुडिओत हजर. त्यांनी मागून अस्तर लावून पडदा शिवला, काकांनी पुढून शिवणीवर रंग चढवला, आणि दोघांनी एकमेकांच्या कामाची यथेच्छ निंदा केली. हंसाची मान जरा आखूड झाली. वहिनी खुर्चीत बसल्या, मास्तरांनी हात ठेवला, काका ओरडले आणि यंदाचा फोटो निघाला.

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, एवढं खरंखुरं शेत बघून आलात. एखादं तरी फूल आवडलं का?"

पडदा गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "सगळी हलत होती."