मेलबर्न ते झाशी, दारापासून दारापर्यंत

दिगंबर गेला त्या दुपारी मी त्याच्याशी खोटं बोललो आणि त्यानं ते पकडलं. दवाखान्याच्या खिडकीतून थंडीतलं ऊन त्याच्या पांघरुणावर आलं होतं. त्याची एकुलती मुलगी अनघा मेलबर्नहून निघाली होती. आपल्या सकाळी सहाला तिचं विमान सुटलं होतं. चारच्या सुमारास त्याचा श्वास जड झाला, तेव्हा मला राहवलं नाही. कानाशी वाकून म्हटलं, "दिगू, अनघा दिल्लीला उतरली रे."

त्यानं डोळे उघडले. "अजून नाही," तो म्हणाला. "साडेसहाला."

सव्वापाचला तो गेला. अनघा तेव्हा आकाशातच होती...

तो भुसावळचा, मी अकोल्याचा. दोघंही रेल्वेच्या नोकरीनं झाशीत आलो आणि इथलेच झालो. मी कारकून, तो कंट्रोलमध्ये. बंद खोलीत फोन कानाला लावून बसायचं आणि बबीना स्टेशनात कुठली गाडी उभी आहे, मोठ स्टेशनातून कुठली सुटली, हे सांभाळायचं, हे त्याचं काम. गाडी त्याला कधी दिसायची नाही, फक्त वेळ कळायची. निवृत्त झालो, मग माझी बायको गेली, मग वहिनी. मराठीत भांडायला आम्ही दोघंच उरलो.

अनघा लग्न होऊन मेलबर्नला गेली, तेव्हा त्यानं बड़ा बाज़ारातून शाळेचा जगाचा नकाशा आणला आणि दोरा लावून अंतर मोजलं. दहा हजार किलोमीटरच्या वर भरलं. कुणी कौतुकानं म्हणालं की साडेबारा तासांत दिल्ली, म्हणजे काहीच नाही, की तो शांतपणे सांगायचा, विमानाचे तास मोजू नका, तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत मोजा. विमानतळावर आधी जाऊन बसणं, दिल्लीत उतरल्यावरच्या रांगा, मग झाशीची गाडी... तीस तास धरा. स्वतः मात्र तो कधी विमानात बसला नाही. वहिनींच्या गुडघ्यांमुळे जाणं लांबत गेलं, आणि त्या गेल्यावर त्याला जावंसं वाटेना.

वहिनी गेल्या भर उन्हाळ्यात. अनघाला विमान मिळालं दुसऱ्या दिवशीचं. दिगूनं बर्फाच्या लाद्या आणवल्या आणि दोन दिवस वाट पाहिली. ती आली तेव्हा आईचा चेहरा ओळखू येत नव्हता. पुढं कितीतरी दिवसांनी तो मला म्हणाला, "माझ्या वेळी थांबायचं नाही. पोरीला पुन्हा तसं काही दाखवू नकोस." मी मान डोलावली होती.

पण त्याला घरी आणलं आणि मी थांबलो. शेजारचे समजावायला आले, "भाईसाहब, और कितनी देर?" मी म्हटलं, बिटिया रास्ते में है. दुसऱ्या दिवशी अकराला अनघा दारात उतरली. थंडीनं कृपा केली होती. दिगू झोपल्यासारखाच दिसत होता. ती त्याच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग तिनं विचारलं, बाबांनी माझी आठवण काढली का. मी माझं खोटं आणि त्याचं उत्तर, दोन्ही सांगितलं.

"म्हणजे मी पोचणार नाही हे त्यांना कळलं होतं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "तू कुठे आहेस, हे मात्र त्याला माहीत होतं."

तेरावं झाल्यावर ती परत गेली. जाताना घराची किल्ली माझ्याकडे देऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला होता, तेवढ्यात फोन वाजला. "काका, पोचले." आजवर हा फोन दिगूला यायचा, आणि तो लगेच चपला अडकवून दोन घरं ओलांडून मला सांगायला यायचा, एवढ्यासाठी त्यानं मला कधी फोन केला नाही. चहा तसाच ठेवून मी चपला घातल्या आणि निघालो. त्याच्या फाटकापाशी पोचल्यावर ध्यानात आलं, दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच खिशात आहे.